उपाध्यक्षपदाचा जोडीदार निवडताना या चुका टाळा

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा पहिला मोठा निर्णय म्हणजे रनिंग मेटची, म्हणजे उपाध्यक्षपदासाठी सोबत लढणाऱ्या जोडीदाराची निवड. तिथे सगळ्यात जास्त घात करते ती घाई.

१९७२ चं उदाहरण बघा. जॉर्ज मॅकगव्हर्न यांना डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली, पण जोडीदार ठरला नव्हता. एडवर्ड केनेडींसह अनेकांनी नकार दिला. शेवटी मिझुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांचं नाव पुढे आलं आणि फोनवरच्या जुजबी विचारपुशीवर पक्कंही झालं. नैराश्यामुळे आपण तीनदा रुग्णालयात होतो, विजेचे झटके देण्याचे उपचार घेतले होते, हे ईगलटन बोलले नाहीत. बातमी फुटायची वेळ आली तेव्हा मॅकगव्हर्न म्हणाले, मी त्यांच्या पाठीशी हजार टक्के आहे. आणि थोड्याच दिवसांत त्यांना बाजूला केलं! उमेदवारी जेमतेम १८ दिवस टिकली. आजारात लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं. मॅकगव्हर्न यांचा शब्द मात्र हलका ठरला. नोव्हेंबरमध्ये ते ४९ राज्यांत हरले, अर्थात कारणं इतरही होती.

म्हणून छाननी पक्षाच्या उमेदवारी ठरवणाऱ्या अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी सुरू करा. प्राप्तिकराची विवरणपत्रं, वैद्यकीय कागद, पती किंवा पत्नीचे व्यवहार, सगळं मागवा. १९८४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार जेराल्डिन फेरारो यांचा प्रचार पतीच्या आर्थिक व्यवहारांच्या खुलाशांत अडकून पडला होता. घोषणेनंतर काही बाहेर आलंच, तर आधी कागद वाचा, मग पाठिंब्याचं बोला.

‘त्याचं राज्य आपल्याला मिळेल’ या हिशेबावर फार विसंबू नका. १९६० मध्ये लिंडन जॉन्सन यांच्यासोबत जॉन केनेडींनी जॉन्सन यांचं टेक्सास जिंकलं खरं, पण २००४ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांचं नॉर्थ कॅरोलायना आणि २०१२ मध्ये पॉल रायन यांचं विस्कॉन्सिन हातचं गेलंच.

नुसतं धक्कातंत्रही नको. २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे ७२ वर्षांचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना निवडलं तेव्हा सभा गाजल्या, पण टीव्ही मुलाखतींत त्या अडखळल्या. उपाध्यक्षाला उद्याच कारभार हाती घ्यावा लागू शकतो. १९४५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट वारले तेव्हा ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि महायुद्ध चालू होतं.

एक कायदेशीर खाचही लक्षात ठेवा. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्याचे प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर्स, दोन्ही पदांना वेगवेगळं मत देतात. कुठल्याही राज्याच्या इलेक्टर्सना दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्यातल्या माणसांना मत देता येत नाही. २००० मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश टेक्सासचे आणि त्यांचे जोडीदार डिक चेनी यांचा मुक्कामही तिथेच. म्हणून चेनींनी घोषणेआधी आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुश यांना इलेक्टोरल मतं मिळाली २७१, बहुमताला हवी होती २७०. टेक्सासची ३२ हुकली असती, तर चेनींचं बहुमत गेलं असतं.