फझी संचातली अनिश्चितता अंतरालांनी कशी मोजावी

३८ अंश सेल्सिअसचं पाणी कोमट आहे का? बहुतेक जण हो म्हणतील. ३२ अंशांचं? इथे माणूस अडखळतो. कडा पुसट असलेल्या अशाच कल्पनांसाठी लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये फझी संच मांडले: संचात 'आहे' किंवा 'नाही' एवढंच न म्हणता ० ते १ मधलं सदस्यत्व, म्हणजे ती गोष्ट संचात कितपत बसते याचा आकडा द्यायचा. पण ३२ अंशांना नेमकं ०.५ कुठून आणलं, हा प्रश्न उरतोच. म्हणून एका आकड्याऐवजी अंतराल, म्हणजे 'इथपासून इथपर्यंत' असा पल्ला घ्यायचा.

आधी अंतराल ठरवा. चार-पाच जणांना विचारा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त उत्तर घ्या. एखादाच फटकून बोलत असेल तर त्याचं उत्तर बाजूला ठेवा, नाहीतर एकट्यापायी अंतराल फुगतो. 'कोमट'साठी उदाहरणादाखल हे धरू:

२५ अंश: [०, ०.२]
३२ अंश: [०.४, ०.६]
३८ अंश: [०.८, १]
४५ अंश: [०.३, ०.७]
५५ अंश: [०, ०]

आता रुंदी काढा, म्हणजे वरच्या टोकातून खालचं वजा करा: ०.२, ०.२, ०.२, ०.४, ०. सरासरी ०.२. हे आपल्या अज्ञानाचं माप. बुरियो आणि बुस्टिन्से या संशोधकांनी १९९६ मध्ये मांडलेल्या एंट्रॉपीचा, म्हणजे अनिश्चिततेच्या मापाचा, गाभा हाच.

धूसरपणा, म्हणजे कल्पनेची कडा किती पुसट आहे, ही वेगळी गोष्ट. डी लुका आणि तेरमिनी यांनी १९७२ मध्ये घातलेली अट साधी आहे: सदस्यत्व ० किंवा १ असेल तर धूसरपणा शून्य, ०.५ असेल तर सर्वाधिक. ती पाळणारं सोपं सूत्र: १ − |२x − १|, इथे x म्हणजे सदस्यत्व. अनेक जण इथे अंतरालाचा मध्य घालून मोकळे होतात. तसं केलं तर ३२ आणि ४५ दोन्ही अंशांना १ येतो आणि ४५ बाबतचा जास्तीचा मतभेद गायब होतो!

त्यापेक्षा अंतरालातल्या सगळ्या x साठी सूत्राची किमान आणि कमाल किंमत शोधा. सापळा एकच: ०.५ अंतरालाच्या आत असेल तर कमाल टोकांवर नसते, ती १ असते. ४५ अंशांसाठी दोन्ही टोकांना ०.६ मिळतो, पण धूसरपणा [०.६, १]. ३२ साठी [०.८, १], २५ आणि ३८ साठी [०, ०.४], ५५ साठी [०, ०].

खालच्या टोकांची बेरीज १.४, वरच्यांची २.८. पाचाने भागा: [०.२८, ०.५६].

उत्तर लिहिताना दोन्ही मापं शेजारी ठेवा: रुंदी ०.२, धूसरपणा [०.२८, ०.५६]. त्यांची बेरीज करण्याचा मोह मला तरी पटत नाही. नीट मोजून रुंदी कमी होऊ शकते. 'कोमट' शब्दाचा पुसटपणा मात्र कितीही मोजलं तरी जात नाही.