बेळगाव बासमतीचं बियाणं जर्मनीला कसं पाठवलं

खानापूरच्या आमच्या रानातलं बेळगाव बासमती भाच्याला संशोधनासाठी हवं होतं. तो जर्मनीत पीएचडी करतोय. कुरिअरवाल्यानं पाकीट घ्यायला नकार दिला, म्हणाला, 'मामा, कागद दाखवा.'

आता तांदूळच तर आहे की! पण खायचा तांदूळ निराळा. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४० खाली माल म्हणून विकल्या जाणाऱ्या जिनसांना सूट मिळते, तोच दाणा संशोधनाला गेला की ती सूट लागू होत नाही. मग हा कायदा आडवा येतो. भाच्याला वाटलं, मी भारतीय नागरिक, मला कसली परवानगी? इथंच मेख आहे: आयकर कायद्याप्रमाणे अनिवासी असलेल्या भारतीयालाही कलम ३ लागू होतं, म्हणजे आधी परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी राज्याच्या जैवविविधता मंडळाकडं नव्हे, चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडं जावं लागतं.

अर्ज त्यानंच ऑनलाइन केला. वाण, गाव, वजन, हेतू, विद्यापीठ, सगळं लिहिलं. 'संशोधन' एवढंच लिहून भागत नाही, दाण्याचं नेमकं काय करणार ते सांगावं लागतं. प्राधिकरण स्थानिक जैवविविधता समितीचं मत घेतं, म्हणून ग्रामपंचायतीत आधीच कल्पना देऊन ठेवली; याचा उपयोग झाला असं मला वाटतं. शेवटी प्राधिकरणाशी करार झाला, मगच मंजुरी मिळाली.

बाकी राहिला फायटोसॅनिटरी दाखला, म्हणजे बियाण्यात कीड-रोग नाही याचं सरकारी प्रमाणपत्र. त्यासाठी बियाणं किडकं, मातकट नको, म्हणून बायकोनं सुपात पाखडून दिलं.

ऑर्किडचं रोप असतं तर साइटिसचा, म्हणजे दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवानाही लागला असता. भाताला तो लागत नाही.