दिवाडी बेटावर पायी तीन दिवस: बेत कसा आखावा

पहिल्यांदा दिवाडीला गेलो तेव्हा बुडाखाली भाड्याची स्कूटर होती. दोन तासांत बेट ‘बघून’ झालं आणि जेवायला पणजीत परत. संध्याकाळी कुणी विचारलं काय काय पाहिलंस, तर टेकडीवरचं चर्च सोडून काही आठवेना. पुढच्या खेपेला स्कूटर घेतलीच नाही. तेव्हा तीन दिवस राहिलो, तरी एक वाट चालायची राहून गेली.

दिवाडी म्हणजे मांडवी नदीतलं, जुन्या गोव्याच्या समोरचं बेट. पूल नाही, फेरीबोटीने जायचं. समुद्रकिनारा नाही, त्यामुळे गोव्यातली बहुतेक गर्दी इकडे वळत नाही. रस्ते अरुंद, चढ एकच. रोज सहा-सात किलोमीटर चालू शकणाऱ्या कुणालाही हा बेत जमेल, सत्तरीच्या आजोबांनासुद्धा.

आधी तारीख, आणि तीही पंचांग बघून

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालायचा हंगाम. मार्चपासून दमटपणा असा वाढतो की सकाळी नऊलाच सदरा अंगाला चिकटतो. पावसात बेट देखणं दिसतं, पण बांधांवर पाय ठरत नाही. ऑगस्टमधला चौथा शनिवार मात्र लक्षात ठेवा. त्या दिवशी पिएदाद गावात बोंदेरा असतो: वाड्यावाड्यांचे झेंडे, मिरवणूक, आणि बांबूच्या नळीतून फळं उडवणारी पोरं. जुन्या काळी वाड्यांच्या हद्दींवरून भांडणं व्हायची, म्हणून पोर्तुगीजांनी झेंडे रोवून हद्दी आखल्या, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. सण मजेचा आहे, पण शांतता हवी असेल तर तो शनिवार टाळा.

महिना ठरला की तिथी बघा. नदी इथे खारी आहे, समुद्राची भरती-ओहोटी थेट आत येते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर बगळे आणि तुतवार चरायला उतरतात, भरतीला तिथेच नुसतं पाणी दिसतं. कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती. त्याआधी सहा तासांवर ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वासात-साडेसात. सकाळच्या फेरफटक्याला हीच वेळ हवी. म्हणून शुद्ध किंवा वद्य द्वितीया-तृतीया सहलीच्या मधल्या दिवशी येईल असं बघा. नदीत आतवर थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला एवढा अंदाज पुरतो.

पोचणं

मुंबईहून येत असाल तर मडगावचं तिकीट काढू नका, करमळीला उतरा. कोकण रेल्वेच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात आणि जुनं गोवं तिथून अगदी जवळ आहे. पणजीहून जुन्या गोव्याला बस सतत असतात. स्वतःची गाडी आणली असेल तर ती अलीकडच्या काठावरच ठेवा. फेरीत गाडी चढते, तेव्हा मोह होणारच. पण एकदा गाडी बेटावर आली की पाय तिच्याकडेच वळतात, हे माझ्यावरून सांगतो.

जुन्या गोव्यातून धक्क्याकडे जाणारा रस्ता वायसरॉयच्या कमानीखालून जातो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वास्को द गामाच्या पणतूने, तो इथला वायसरॉय असताना, ती उभारली. पोर्तुगालहून येणारे नवे वायसरॉय नदीतून उतरून याच कमानीतून शहरात शिरत. तुम्ही उलट दिशेने, पाठीला सॅक लावून नदीकडे जायचं.

फेरीबोट म्हणजे सपाट लोखंडी तराफाच. काठाला लागली की पुढची फळी साखळ्यांच्या खडखडाटासह खाली येते, आधी दुचाकी सुटतात, मागून माणसं. घाई करू नका, फळीची कड ओली आणि निसरडी असते. मला चालत जाताना कधी तिकीट पडलेलं नाही. पाच-सात मिनिटांत पलीकडे.

बेटावर तीन धक्के आहेत: एक जुन्या गोव्याच्या समोर, एक रायबंदरच्या बाजूला, आणि एक पूर्वेला, डिचोली तालुक्यातल्या नार्व्याच्या समोर. तिन्ही ठिकाणच्या वेळा वेगळ्या असतात. उतरल्या उतरल्या शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावरच विचारून घ्या, इंटरनेटवर शोधत बसू नका.

मुक्काम

पिएदाद गावात किंवा त्याच्या आसपास घरगुती मुक्काम शोधा. बेटाचा मध्य तोच, सगळ्या वाटा तिथून फुटतात. खोली ठरवताना तीनच गोष्टी विचारा: धक्क्यापासून चालत किती वेळ, रात्रीचं जेवण मिळेल का, मच्छरदाणी आहे का. ‘नदीकाठी’ या शब्दाला भुलून मी एकदा अशा जागी राहिलो की चहाला अर्धा तास चालावं लागे आणि रात्री डास उचलून नेत. जेवणाचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. इथे दुपारी दुकानं बंद होतात, माणसं झोपतात, आणि भुकेल्या पाहुण्यासाठी कुणी उठत नाही. सकाळी मात्र पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की चप्पल घालून पळा. पोळे आणि उंडे हे इथले गरम पाव दारात मिळतात.

तीन दिवस कसे वाटावेत

पहिल्या दिवशी फार काही ठेवू नका. धक्क्यापासून पिएदादपर्यंतचा रस्ता खाजनातून, म्हणजे खाडीला बांध घालून कमावलेल्या शेतजमिनीतून, सरळ जातो. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, सावली जवळजवळ नाही. अर्धा-पाऊण तासाची चाल आहे, पण भर दुपारी केली तर दुप्पट वाटते. चारनंतर निघा. सामान ठेवून ऊन उतरताना टेकडीवर जा. पिएदादचं चर्च पांढरंशुभ्र आहे, पण थांबायचं ते बाजूच्या स्मशानभूमीतल्या लहानशा चॅपेलपाशी. ते जुन्या देवळाचा उरलेला भाग आहे, दगडातलं जाळीकाम अजून दिसतं. समोर नदी आणि पलीकडे जुन्या गोव्याच्या चर्चांचे मनोरे.

दुसरी सकाळ खाजनाची. खाजनाच्या बांधात जागोजागी ‘मानस’ असतं, लाकडी झडपांचं दार. ते बघायला ओहोटीच्या वेळी जा आणि वीस मिनिटं तिथेच बसा. नदीचं पाणी उतरत जातं तशी शेताच्या बाजूच्या पाण्याच्या दाबाने झडप किंचित उघडते, मग तिच्या फटीतून पाण्याचा पट्टा सुटतो, बारीक मासे त्याच्याबरोबर वाहत येतात. दाराच्या तोंडाशी कधी जाळं लावलेलं दिसेल. भरती आली की नदीचं पाणी झडप बाहेरून दाबून बंद करतं, खारं पाणी शेतात जाऊ देत नाही. माणसाने हात लावायची गरज नाही. शेकडो वर्षं हे असंच चाललंय आणि इथला खारट जमिनीत टिकणारा कोरगुट भात त्यावरच उभा आहे.

बांधावर चालताना काही पथ्यं. कुणी शेतात असेल तर विचारूनच पुढे जा, नुसतं “ह्या वाटेन वचूं?” म्हटलं तरी चेहरा खुलतो, मराठीही सगळ्यांना समजते. झडपांवर पाय देऊ नका. एकामागून एक चाला, कड ढासळू देऊ नका. आणि पाण्यात पाय सोडून बसायचा मोह आवरा. जवळच्याच कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि मगरीला बेटाची हद्द माहीत नसते.

दहाच्या आत परत या. दुपार झोपेची. साडेचारला पुन्हा निघा आणि रायबंदरच्या बाजूच्या धक्क्याकडे जाऊन या. वाटेत जुनी घरं, त्यांचे बाल्कांव (दारापुढचे बसायचे ओटे), दारातले कुत्रे. कुत्र्यांसाठी हातात छत्री ठेवा. ती उन्हालाही लागते. परतताना अंधार पडतो, म्हणून विजेरी हवीच. पायाखाली साप असू शकतो.

तिसरा दिवस मराठी माणसाने चुकवू नये असा. पिएदादहून पूर्वेकडे चालत बेटावरच्या नार्वे गावात या, तास-सव्वा तास लागतो. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात इथलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, लिंग नदीपलीकडे गेलं. कोटितीर्थ नावाची तळी मात्र मागे राहिली. ती बघा आणि मग देव गेला त्याच वाटेने फेरीने नदी ओलांडा. पलीकडच्या गावाचं नावही नार्वेच. तिथे डोंगराच्या कुशीत सप्तकोटेश्वराचं आजचं देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेखही आहे. आधी ओकंबोकं कोटितीर्थ आणि तासाभराने नांदतं देऊळ, हा क्रम मोडू नका. गाडीने थेट देवळात येणाऱ्याला मधली नदी कळतच नाही.

पाठीवर काय घ्यावं

जुने, तळव्याला खाचा असलेले बूट. पांढरे नकोत, इथली माती लाल आहे. दोन लिटर पाणी, टोपी, डासांचं मलम, सुटे पैसे. देवळात आणि चर्चमध्ये जायचंय, तेव्हा गुडघ्याखाली येणारे कपडे.

पाण्याचं ठासून सांगतो. नार्व्याच्या धक्क्यावर मी भर दुपारी पोचलो तेव्हा फेरीवाले जेवायला बसले होते, बोट पलीकडे आणि माझी बाटली रिकामी. तासभर एका झाडाच्या टीचभर सावलीत उभा होतो. म्हणून तिसऱ्या दिवशी सातलाच निघा, नदी दहाच्या आधी ओलांडा. देवळापासून पुढे डिचोली किंवा म्हापशाकडे जायला वाहन लगेच मिळेल असं धरू नका. मुक्कामाच्या घरी आदल्या रात्री सांगितलंत तर ते ओळखीचा रिक्षावाला देवळापाशी बोलावून ठेवतात.