आजी-आजोबांना घेऊन ट्रिप करायची असेल तर आधी "तुम्ही जाऊन या" चा अर्थ शोधा

आमच्या घरात कुठं जायचं म्हणलं की मामांचं उत्तर ठरलेलं, "तुम्ही जाऊन या की, आमचं काय आता." (मामा म्हणजे सासरे, आमच्या सांगलीकडं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्याच म्हणतात.) आम्ही दोनदा विचारायचो, तिसऱ्यांदा गप्प बसायचो आणि खरंच जाऊन यायचो. एका मे महिन्यात हट्टानं दोघांनाही महाबळेश्वरला नेलं, दोन दिवसांत नऊ पॉइंट केले, आणि घरी येऊन फोटो बघताना लक्षात आलं की मामा एकाही पॉइंटच्या फोटोत नाहीत. प्रत्येक ठिकाणी ते गाडीतच बसून होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि पुढच्या ट्रिपची तयारी मी अगदी वेगळ्या पद्धतीनं केली, तीच इथं सविस्तर सांगते.

पहिलं काम म्हणजे त्या "तुम्ही जाऊन या" च्या मागं काय आहे ते शोधायचं. सगळ्यांसमोर, जेवताना, "मामा येणार ना?" असं विचारलं तर खरं उत्तर कधीच मिळत नाही. मी आत्यांना एकटीला गाठलं, दुपारी लसूण सोलत बसलो होतो तेव्हा. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी गप्पच झाले. मामांना दर तासा-दीड तासाला लघवीला जावं लागतं आणि गाडी थांबवा म्हणायला त्यांना संकोच वाटतो, म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून ते पाणीच पीत नाहीत. आत्यांचं स्वतःचं वेगळंच, गुडघ्यामुळं भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही आणि लॉजवर कमोड असेल का हे सुनेला कसं विचारायचं! म्हणजे दोघांनाही फिरायचा कंटाळा नव्हता, बाथरूमची काळजी होती.

तुमच्याकडं कारण दुसरं असेल. घाटात उलटी होते, हॉटेलचं तिखट सोसत नाही, दारातली म्हैस कोण बघणार, नाहीतर खर्चाचा धसका. पैशाचं तर फार असतं, पोराच्या पगारातले वीस-पंचवीस हजार आपल्यामुळं जाणार ही भावना. तिथं आधीच एक आकडा सांगून टाकायचा, "एवढे बाजूला काढलेत, यातच बसवायचंय". मग प्रत्येक चहाला "कितीला दिला" हा प्रश्न येत नाही. कारण एकदा कळलं की प्लॅनिंगचं निम्मं काम झालंच म्हणून समजा.

तारीख

शाळेची सुट्टी आणि ऑफिसची रजा आपण बघतोच, पण घरातल्या मोठ्यांचं पण कॅलेंडर असतं. माझ्या माहेरी तासगावकडं द्राक्षं आहेत, तिथं ऑक्टोबरला छाटणी सुरू झाली की माझे वडील कुठंही हलत नाहीत, त्यांना दिवाळीत चला म्हणण्यात अर्थच नाही. कुणाची ऊसतोड येणार असते, कुणाची हळद शिजवायची असते. एकादशी, चतुर्थी, गावची यात्रा, डॉक्टरची तपासणी हे पण बघा, उपवासाच्या दिवशी हॉटेलात आत्यांना तीन वेळा बटाट्याचे वेफर्स खायला लागणं बरं दिसत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीकडं जायचं असेल तर पावसाळा म्हाताऱ्या माणसांना घेऊन टाळाच, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दगड निसरडे आणि धुक्यात दिसत काहीच नाही. कासची फुलं बघायची असतील तर मात्र ऑगस्ट-सप्टेंबर शिवाय पर्याय नाही, पण तिथं सुट्टीचा दिवस सोडून आठवड्यातला मधला वार धरा आणि बुकिंग आधीच करून ठेवा. आम्ही डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरला, शनिवार ते मंगळवार, पोरांच्या दोन दिवसांच्या शाळेची चिठ्ठी दिली. नाताळात गेलो असतो तर शाळा बुडली नसती हे खरं, पण घाटात गाड्यांच्या रांगेत तीन तास मामांना बसवणं मला पटत नव्हतं.

मुक्काम

एकच. तीन रात्री असतील तर तिन्ही रात्री एकाच ठिकाणी. रोज बॅगा भरणं तरुण माणसाला पण नको होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला नव्या बाथरूमची सवय व्हायलाच एक दिवस जातो. आम्ही वाईत राहिलो. वाईवरून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, मेणवली तर तीनच, आणि गाव सपाट असल्यामुळं मामांना सकाळी एकट्यानं नदीच्या घाटावर फिरून येता आलं, त्यांना तेच सगळ्यात आवडलं.

रूम बुक करताना "ग्राउंड फ्लोअर आहे का" असं विचारू नका. आधीच्या ट्रिपला एका ठिकाणी आम्हाला ग्राउंड फ्लोअर सांगून रूम दिली, ती रस्त्यापासून बावीस पायऱ्या खाली होती. विचारायचं असं, "गाडी थांबते तिथनं पलंगापर्यंत पायऱ्या किती?" मग कमोड आहे का, बाथरूमच्या दाराला उंबरा किती, गिझर किती वाजता चालू असतो. व्हॉट्सअॅपवर बाथरूमचा व्हिडिओ मागा, लाजू नका, चांगली माणसं लगेच पाठवतात. आमच्या सामानात एक प्लास्टिकचं स्टूल कायम असतं, आत्या त्यावर बसून अंघोळ करतात, आणि रात्री उठल्यावर दिसावं म्हणून प्लगमधला छोटा लाइट. दोन रूम शेजारी-शेजारी घ्या, आणि आधी त्यांना दोन्ही बघून निवडू द्या.

गाडी आणि घाट

सात सीटर गाडीत मागची सीट ही लहान पोरांची, तिथं आजोबांना कधीच बसवू नका, चढता-उतरताना कंबर जाते. मधली सीट त्यांची, खिडकीसकट. फक्त ज्या पोराला गाडी लागते ते मागं नको, मागं जास्तच लागते. त्याला मधे घ्या आणि घाटात मोबाईल हातात देऊ नका, लांब रस्त्याकडं बघायला सांगा. घाटाच्या आधी पोटभर जेवण नको आणि रिकामं पोट पण नको, विशेषतः शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशी अजिबात ठेवू नका, धपाट्याचा तुकडा, केळं असं काहीतरी.

थांबे मी आधीच ठरवले आणि सगळ्यांना सांगितले, "पेठ नाक्याला चहा, कराडला प्रीतिसंगम, मग सातारा". कुणाला विचारावं लागायला नको. आणि प्रत्येक थांब्याला सगळ्यात आधी मीच उतरून बाथरूमकडं जायचे, मग आत्या, मग मामा. पहिल्यांदा मामांना मी प्रवासात पाण्याची बाटली तोंडाला लावताना बघितलं.

एसटीनं जाणार असाल तर ७५ च्या पुढच्यांना राज्यात तिकीटच नाही, ६५ ते ७५ ला अर्धं, बायकांना अर्धं आणि ५ ते १२ च्या पोरांना पण अर्धं, तेव्हा मोठ्यांची आधार कार्डं हाताशी ठेवा. घाटरस्त्याला मला एसटीचा ड्रायव्हर कधीही जास्त भरवशाचा वाटतो.

दिवसाला एकच मोठी गोष्ट

सकाळी नऊला बाहेर, बाराच्या आत परत किंवा जेवायला, एक ते चार झोप, संध्याकाळी जवळच कुठंतरी. पहिलीतलं पोरगं आणि सत्तरीतला माणूस या दोघांची घड्याळं सारखीच चालतात, दोघांनाही दुपारी किरकिर सुटते आणि दोघांनाही साडेसातला भूक लागते. दुपारचा तो वेळ आपला आणि मोठ्या पोरांचा. आमची लेक सातवीत आहे, तिला घोड्यावर बसायचं होतं, तर आम्ही तिघं टेबललँडला जाऊन आलो आणि धाकटा आजीच्या कुशीत झोपला होता.

सगळ्यांनी सगळं बघायचं हा हट्ट सोडा. प्रतापगडाला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, तिथं आत्यांना न्यायचं कशाला? पण मागं राहणाऱ्याला गाडीत बसवून जायचं नाही, ही माझी आता अट आहे. त्यांच्यासाठी पण एक बघायची जागा पाहिजे, जिथं खुर्ची, सावली, चहा आणि बाथरूम आहे. आम्हाला यासाठी सगळ्यात छान जागा सापडली ती भिलार. पाचगणीच्या जवळच, स्ट्रॉबेरीचं गाव, २०१७ च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं, घराघरात पुस्तकांची कपाटं ठेवलीत आणि कुणीही जाऊन बसून वाचायचं, पैसे नाहीत. मामा एका घराच्या ओसरीवर शिवाजी महाराजांवरचं जाड पुस्तक घेऊन जे बसले ते दोन तास उठले नाहीत, धाकटा शेजारी चित्रांची पुस्तकं पसरून. हे दोघं तिथं असताना आम्ही बाकीचे स्ट्रॉबेरीच्या शेतात फिरून आलो.

ट्रिपला एक धागा द्या

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पॉइंटची यादी केली की ती पोरांची किंवा आपली होते, म्हातारी माणसं नुसती सोबत येतात. आम्ही ठरवलं की यावेळी आपली कृष्णा उलटी बघत जायची, सांगलीपासून ती निघते तिथपर्यंत. मामांनी सगळा जन्म सांगलीच्या आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पाणी बघण्यात घालवलाय, चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, पावसाळ्यात दिवसातनं चारदा जाऊन आकडा बघून येणारा माणूस. त्यांच्याशिवाय ही ट्रिप होणारच नव्हती.

लेकीला कागदावर नदी काढायला लावली. वारणा हरिपूरला मिळते, कोयना कराडला, वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला, एकेक संगम आला की ती टिक करायची आणि मामा सांगायचे, कोयनेचं पाणी सोडलं की आपल्याकडं किती वेळानं चढतं वगैरे, त्यांना हे सगळं पाठ. वाईला ढोल्या गणपतीच्या देवळामागं गेलो, १७६२ सालचं देऊळ, मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय म्हणजे पुराचं पाणी दोन बाजूंनी फुटून जावं. मामा त्या भिंतीवरनं हात फिरवत बराच वेळ उभे होते, म्हणाले, "बघ, त्यांना कळत होतं नदीला अडवायचं नसतं."

शेवटच्या दिवशी जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात, कृष्णा निघते तिथं. चपला काढाव्या लागतात, डिसेंबरात दगड बर्फासारखा लागतो, म्हणून मी मोज्यांचे जादा जोड घेतले होते, तुम्ही पण घ्या, आणि ओल्या फरशीवर मात्र मोजे काढून हात धरून न्या. तिथं दगडी गोमुखातनं पाणी पडतं, मनगटाएवढी धार. धाकट्यानं विचारलं, "एवढीशीच?" मामांनी दोन्ही हातांची ओंजळ धारेखाली धरली, पाणी डोळ्याला लावलं, मग त्याची ओंजळ आपल्या ओंजळीत धरून परत भरली. आमच्या घरातनं दोनदा याच नदीचं पाणी गेलंय, सगळा संसार माळ्यावर चढवलाय. तो फोटो मी काढला, आणि त्यात मामा मधोमध आहेत.

तुमचा धागा नदीच असायला पाहिजे असं नाही. आजीचं माहेर, आजोबांनी नोकरी केलेली गावं, कुलदैवत, पणजीचं लग्न झालं ते देऊळ, काहीही चालेल. जे फक्त त्यांनाच माहिती आहे असं काहीतरी पाहिजे.

उरलेलं, भराभर

औषधं डिकीतल्या बॅगेत नकोत, हातातल्या पर्समध्ये, दोन दिवसांची जास्त, आणि चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. खाण्याचं एक वेळचं घरचं घ्या, आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग नेतो, एखाद्या संध्याकाळी हॉटेलचं कुणालाच नको वाटतं. मुक्कामाच्या ठिकाणी सकाळीच सांगून ठेवलं तर बरेच जण भाकरी आणि कमी तिखटाची आमटी साडेसातपर्यंत करून देतात. मामांकडं सुट्ट्या पैशांचं पाकीट दिलं होतं, टोल, चहा, देवळातली दक्षिणा सगळं त्यांच्या हातनं, त्यामुळं खर्चाचा प्रश्नच आला नाही.

परतीच्या दिवशी वाटेत काही बघायचं ठेवू नका. नाश्ता करून निघायचं, साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला एक थांबा, आणि दिवेलागणीच्या आत घरी. दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवा. मी त्या दिवशी धुणं वाळत घालत होते तेव्हा मामा कागद घेऊन आले, लेकीनं काढलेली नदी होती त्यावर, आणि हरिपूरच्या खाली पेन्सिलनं नरसोबाच्या वाडीपर्यंत रेघ ओढलेली. "इकडची बाजू राहिलीय," म्हणाले, "वाडीला तर एका दिवसात होतंय. तुझी रजा कधी आहे बघ."