बकरीले दुसरीचं पिल्लू लावायचं असेल तर आधी तिच्या नाकाचा विचार करा

नागपूर जिल्ह्यात काटोल, हिंगणा, उमरेडकडे बेरारी जातीच्या बकऱ्या पाळणारे भरपूर आहेत अन् वेत सुरू झाले की दरवेळी तोच प्रश्न येते, एखादी बकरी विताना मेली किंवा पिल्लं तीन झाली अन् दूध दोघांपुरतंच, मग उरलेलं पिल्लू लावायचं कोणाला? दुसरीखाली सोडलं की ती शेपटीखाली नाक लावते, एकदा जोरात हुंगते अन् डोक्यानं उडवून देते. मग लोक तिलाच काठी मारतात, हे पाहून मले खरंच वाईट वाटते, कारण ती बकरी हेकट नसते, तिचं नाक तेव्हा हार्मोन्स सांगतील तसं चालून राहिलं असते.

होते काय, की विण्याच्या टायमाला प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरते, इस्ट्रोजेन हे दुसरं चढते, अन् पिल्लू बाहेर येताना गर्भपिशवीचं तोंड ताणलं जाते तेव्हा मेंदूत ऑक्सिटोसिन सुटते, पान्हा सोडवते तेच हे हार्मोन. सोबतच मेंदूच्या ज्या भागात वास पोचते तिथं नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन वाढते अन् समोरच्या पिल्लाचा वास पक्का बसते. संशोधक कीथ केंड्रिक अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मेंढ्यांवरचा अभ्यास छापला होता, त्यात दिसलं की विण्याआधी त्या भागातल्या पेशी चाऱ्याच्या वासालेच जास्त जाग्या होत होत्या, अन् व्याल्यावर त्यातल्या बऱ्याच कोकराच्या वासाला जाग्या व्हायला लागल्या. पाणमोटीच्या पाण्याचंही तसंच आहे, गाभण मेंढी त्या वासापासून तोंड फिरवते अन् व्याली की तेच चवीनं चाटते.

बाळंतपण झाल्यावर साधारण पहिले दोन तास कामाचे, त्यानंतर तिनं आपलं कोण ते ठरवून टाकलेलं असते अन् परक्याला जागा नसते. म्हणून दुसरी बकरी व्यायला लागली की अनाथ पिल्लू तयार ठेवा. आधी त्याले चीक पाजा, कोणत्याही बकरीचा चालते, पहिल्या २४ तासांत पिल्लाच्या वजनाच्या १० टक्के तरी पोटात जायला पाहिजे, म्हणजे २ किलोच्या पिल्लाले २०० मिली, थोडा थोडा करून. मग हातमोजे घालून त्या बकरीचं पाणमोटीचं पाणी अन् चिकटा त्याच्या अंगावर चोळा, डोकं, पाठ अन् सगळ्यात जास्त शेपटीखाली, कारण ती तिथंच हुंगते. तिच्या स्वतःच्या पिल्लाच्या आधी हे ओलं पिल्लू तिच्या तोंडासमोर ठेवा. ती हळू आवाजात घुमल्यासारखी बोलायला लागली अन् चाटायला लागली की समजा काम झालं, मग मधात हात घालू नका.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, नुकतं जन्मलेलं पिल्लू धुऊ नका. आपल्याकडे घाण दिसते म्हणून लगेच पाणी मारतात अन् डिसेंबरच्या थंडीत पिल्लू गारठते ते वेगळंच, पण ज्या वासावर आई त्याले ओळखणार तोच वाहून जाते. नाकतोंड तेवढं फडक्यानं साफ करा, बाकी तिले चाटू द्या. ऑपरेशन करून पिल्लू काढलं असेल, त्यातही पहिलटकरीण, तर पिशवीच्या तोंडाचा ताण तिले मिळालेला नसते, तिथं हा चिकटा तिच्या नाकासमोर ठेवणं अजूनच गरजेचं.

बकरी गाभडली असेल किंवा पिल्लू रोगानं मेलं असेल तर हे काहीच करू नका, बकऱ्या गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा रोग माणसालेही होते, डॉक्टरले बोलवा, जनावरांच्या १९६२ या हेल्पलाइनवर फोन लावा.

अन् दोन तास निघून गेले असतील तर? तेव्हा घाई सोडा. बकरीचं पिल्लू अपघातानं मेलं असेल तर त्याचं कातडं अनाथ पिल्लावर एकदोन दिवस बांधतात, उन्हाळ्यात मात्र ते लवकर सडते म्हणून लवकर काढायचं. नाही तर तिच्या नाकपुडीच्या कडेला थोडं विक्स लावा, तिचं दूध पिल्लाच्या अंगाला चोळा, तिले आखूड दोरीनं बांधून चारा समोर टाका अन् दिवसातून चार-पाच वेळा पिल्लू सडाला लावा. तिचंच दूध पोटात जाऊन जाऊन पिल्लाच्या लेंडीचा वास बदलते, बरेचदा थोड्या दिवसांत ती ढकलणं सोडते, पण उभं राहून पाहिल्याशिवाय दोरी काढू नका.

आणि स्वतःच्याच पिल्लालेही लाथ मारत असेल तर नाकाचा विचार बाजूला ठेवून कासेला हात लावून पाहा. गरम, कडक लागली किंवा दुधात गुठळ्या दिसल्या तर तिले दुखून राहिलं आहे, आधी काससुजीचा इलाज करा.