पाड्यावर सौर दिवे बसवताना

सातपुड्यातील धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर सौर दिवे द्यायचे ठरवणाऱ्या संस्थेने वा बचत गटाने पॅनेलचे दर मागवण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी: दिवा बंद पडला तर तो कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करणार? छपरावर धडधाकट पॅनेल आणि खाली पुन्हा रॉकेलची चिमणी, असे एक घर आम्ही पाहिले आहे. बिघाड केवळ जळलेल्या फ्यूजचा होता. पण फ्यूज कुठे असतो हे त्या घरात कोणालाच दाखवलेले नव्हते.

पाहणीसाठी संध्याकाळी जावे. दिवसा विचारले की पुरुष मंडळी ओट्यावर दिवा मागतात. अंधार पडल्यावर मात्र चुलीपुढे बसलेली बाई एका हातात चिमणी धरून दुसऱ्या हाताने भाकरी उलटताना दिसते, आणि पहिला दिवा कुठे लावायचा हे वेगळे विचारावे लागत नाही. दुसरा दिवा दारात लावावा, कारण पावसाळ्यात विंचू-सापाचे भय तिथेच असते.

३ वॅटचे दोन एलईडी दिवे रोज ५ तास आणि मोबाइलसाठी १० वॅट-तास धरले, तर रोजची गरज ४० वॅट-तास होते. सूर्यदर्शन न होणारे दोन दिवस निभावायचे असतील तर ८० वॅट-तास साठा हवा. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची असे धरल्यास १२.८ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारे उपकरण, त्याच प्रकारच्या बॅटरीसाठी बनवलेला असावा. उन्हाळ्यात २० वॅटचे पॅनेल हा भार सहज उचलते, परंतु आषाढ-श्रावणाचा विचार करून ४० वॅटचे घ्यावे. पैसे कमी पडत असतील तर एक दिवा कमी करावा, पॅनेल लहान करू नये.

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार २० ते २२ अंशांचा ठेवावा. येथे एक चूक हमखास होते. मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेकडचे मोहाचे झाड निर्धोक वाटते. डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर येतो आणि त्याच झाडाची सावली पॅनेलवर पडते. एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा वीजनिर्मिती बरीच घटवते. पॅनेलपासूनची वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि उंदरांपासून वाचवण्यासाठी ती पाइपातून न्यावी. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल आणि शेवटी दिवे जोडावेत. सोडवताना उलटा क्रम पाळावा.

संच फुकट देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मात्र हप्ता कुटुंबाच्या कमाईच्या चालीने ठरवावा. १९९५ पासून कर्नाटकात काम करणाऱ्या सेल्को या सौर दिव्यांच्या कंपनीच्या अनुभवात फेरीवाल्यांना महिन्याचे ३०० रुपये जड जात होते, पण रोजचे १० रुपये देणे जमत होते. पाड्यावर रोजची कमाईच नसते. ऊसतोडीहून परतलेल्या माणसांच्या हाती होळीच्या सुमारास रोख पैसा असतो, तेव्हा मोठा हप्ता घ्यावा आणि एरवी बचत गटाच्या बैठकीत जमेल तेवढी लहान रक्कम जमा करावी. त्यातला ठरावीक वाटा पुढे बदलाव्या लागणाऱ्या बॅटरीसाठी स्वतंत्र वहीत लिहावा.

दुरुस्तीसाठी पाड्यातीलच दोघींना शिकवावे. आयआयटी मुंबईच्या ‘सोल्स’ प्रकल्पात विद्यार्थ्यांसाठीच्या सौर दिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती स्थानिक लोकांकडेच सोपवली होती. तीच रीत येथेही चालते. मल्टिमीटर, फ्यूज, वायर, जादा एलईडी आणि एक कंट्रोलर एवढे सामान त्यांच्या घरी ठेवावे आणि प्रत्येक दुरुस्तीचे पैसे ठरवून द्यावेत.

दिवाळीनंतर कुटुंब गुजरातेत ऊसतोडीला जाते, तेव्हा दिवे बंद करून पॅनेल व बॅटरी कंट्रोलरला जोडलेलीच ठेवावी, म्हणजे बॅटरी पूर्ण उतरून खराब होत नाही. घरी कोणीच राहणार नसेल तर संच भाऊबंदांकडे लावून द्यावा. शक्य असल्यास संचासोबत स्वतःची बॅटरी असलेला एक हातदिवाही द्यावा, कारण ऊसतोडीच्या तळावरही रात्री चूल पेटते आणि तिथेही मुले असतात.