लिनक्स सर्व्हरला टेप ड्राइव्ह जोडताना

नव्या सिस्टम अ‍ॅडमिनकडे टेपचं काम आलं, की तो आधी बॅकअपचं सॉफ्टवेअर उघडतो. माझ्या मते सॉफ्टवेअरला सगळ्यात शेवटी हात लावावा. सुरुवात कार्ड आणि केबलपासून.

मी रोज सॅसवरचा (सर्व्हरमध्ये डिस्क आणि टेप जोडायची एक पद्धत) एलटीओ-८ ड्राइव्ह, म्हणजे एलटीओ टेपच्या आठव्या पिढीचा ड्राइव्ह सांभाळतो. त्याला साधं एचबीए कार्ड लागतं, म्हणजे उपकरण जसंच्या तसं सर्व्हरला जोडून देणारं कार्ड. अनेक डिस्क एकत्र करून चालवणाऱ्या रेड कार्डावर डिस्क चालतात म्हणून टेपही चालेल असं धरू नका. बरीच रेड कार्डं टेप ड्राइव्ह लिनक्सपर्यंत पोचूच देत नाहीत. ऑर्डर देण्याआधी केबलची दोन्ही टोकं कार्डाला आणि ड्राइव्हला बसतात ना, तेही पाहून घ्या.

सर्व्हर चालू झाला की जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी 'एलएसस्कझी' ही कमांड चालवा. यादीत 'टेप' अशी ओळ दिसली की अर्धं काम झालं. ओळ आहे पण एसटी-शून्य हे डिव्हाइस (लिनक्स ड्राइव्हला देतं ते नाव) नाही, तर कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, टेप चालवणारं 'एसटी' मॉड्यूल लोड झालेलं नाही. ओळच नसेल आणि कर्नलच्या नोंदींतही ड्राइव्हचा उल्लेख नसेल, तर पॅकेजं टाकत बसू नका, केबल काढून पुन्हा बसवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकाच ड्राइव्हला दोन नावं मिळतात: एसटी-शून्य आणि एनएसटी-शून्य. पहिल्या नावाने काम केलं, की डिव्हाइस बंद होताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. त्या नावावर एकामागून एक दोन टार (टार कमांडने बांधलेले फायलींचे गठ्ठे) लिहिले, तर दुसरा पहिल्याच्या डोक्यावर बसतो. वाईट म्हणजे नवं लिखाण जिथे संपतं तिथेच ड्राइव्ह डेटाचा शेवट मानतो. त्यापुढचं जुनं टेपवर असूनही वाचू देत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये कायम एनएसटी. ड्राइव्ह दोन असतील तर क्रमांकावरही विसंबू नका, रीबूटनंतर ते बदलू शकतात. सिरियल नंबरवरून बनलेलं, 'बाय-आयडी' या फोल्डरखालचं कायमचं नाव वापरा.

खोक्यावर ३० टीबी लिहिलेलं असतं, ते २.५ पट कॉम्प्रेशन धरून. व्हिडिओ आणि झिप फायली असतील तर १२ टीबीच मोजा. एलटीओ-८ ला एलटीओ-७ च्या टेप चालतात, एलटीओ-६ च्या वाचताही येत नाहीत. त्यामुळे जुना ड्राइव्ह भंगारात देण्याआधी कपाटात काय आहे ते बघा.

वेगाकडेही लक्ष हवं. हा ड्राइव्ह सेकंदाला ३६० एमबीपर्यंत लिहितो. डेटा फारच हळू आला तर तो थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा धावतो. त्यात वेळ जातो आणि टेप व हेड दोन्ही झिजतात. लाखो बारीक फायली असतील तर मधे 'एमबफर' ठेवा, हा प्रोग्राम डेटा मेमरीत साठवून सलग पुढे देतो.

लिहून झालं की ती टेप वाचून बघा, जमल्यास दुसऱ्या सर्व्हरवर. टेपवर डेटा ब्लॉकमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांत लिहिला जातो. मोठ्या ब्लॉकने लिहिलेली टेप लहान ब्लॉकने वाचायला गेलात, तर मेमरी मिळत नसल्याची चूक येते आणि माणूस रॅम तपासत बसतो. म्हणून टारला दिलेला ब्लॉकचा आकार तारखेसोबत कार्ट्रिजच्या डबीवर लिहून ठेवा.